‘हो बाई, करतो’ म्हणणाऱ्या घराशी कसं बोलायचं?

एका ताईंनी विचारलं आहे: “मी मूळची सांगलीकडची. चार महिन्यांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले. उपकेंद्राखाली दोन गावं, एक बंजारा तांडा आणि दोन कोलाम पोड (कोलाम आदिवासींच्या वस्त्या) आहेत. घरोघरी जाते, सगळं समजावून सांगते. घरचे ‘हो बाई, करतो’ म्हणतात आणि काहीच करत नाहीत. बाळाला चीक पाजत नाहीत, लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात. एका घरी तर आजींनी ओट्यावरूनच परत पाठवलं. शिकताना लोकांच्या संस्कृतीचा आदर ठेवा असं शिकवलं. पण आदर ठेवायचा म्हणजे किती चालवून घ्यायचं?”

ताई, मी १९८८ ते २०२१ याच जिल्ह्यात होते. आधी आरोग्यसेविका, शेवटची अकरा वर्षं आरोग्य सहायिका. तुमचा प्रश्न वाचताना माझी पहिली दोन वर्षं आठवली. तेव्हा मी ‘हो बाई’ हा होकार समजून रजिस्टरला लिहीत होते. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही, आणि सरकारी माणसाला तर नाहीच नाही. ‘हो बाई’चा अर्थ एवढाच, की तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं, आता वाद नको. म्हणून समजावून झालं की उठू नका. विचारा, “मावशी, उद्या सकाळी लेकरू रडलं की आधी काय कराल? कोण करेल?” उत्तर देताना मावशी थोडं थांबतील आणि म्हणतील, “करू बाई, पन...” तुमची खरी भेट त्या ‘पन’पासून सुरू होते. त्याच्या आधीचं सगळं आपण आपल्या समाधानासाठी बोललेलं असतं.

चिकाचं तुम्ही विचारलंत म्हणून एक घर सांगते. पैनगंगेकाठचं गाव, नव्वदच्या दशकातली गोष्ट. रात्री दाईच्या हातून घरीच बाळंतपण झालेलं. मी सकाळी पोचले तेव्हा आजी सुनेचा चीक पिळून फडक्यात टाकत होत्या आणि बाळाच्या तोंडात गुळाच्या पाण्याचं बोट. मी शेतकरी घराला पटेल असा दाखला दिला: वासराला चीक पाजला नाही तर ते जगतं का? आजी शांतपणे म्हणाल्या, “थे जनावर हाये बाई, हे मानूस हाये.” मी चिडले. आवाज चढवला. घरातल्या पुरुषांसमोर त्यांना अडाणी म्हणाले आणि निघून आले. रात्रभर झोप लागली नाही, कारण बाळ उपाशी होतं आणि मी दार बंद करून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा दुधाचं नावच काढलं नाही. आजी सुपात तूर निवडत होत्या, मी शेजारी बसून खडे काढू लागले. बऱ्याच वेळानं विचारलं, “आजी, तुमची लेकरं किती?” म्हणाल्या, “सहा झाले, चार हायेत.” गेलेल्या दोघांचं विचारलं तर सुपातला हात थांबला. “पयल्या लेकराले म्या पाजला होता चीक. आठव्या रोजी थे दूध धरेना. तोंड मिटलं ते उघडेना, हात लावला का आंग ताठ व्हाये. नवव्या रोजी गेलं.” सासूनं सांगितलं, चीक भोवला. पस्तीस वर्षं ही बाई आपल्या दुधानं आपलं लेकरू मेलं असं मनात घेऊन जगत होती, आणि मी तिला वासराचा दाखला देत होते.

मी विचारलं, नाळ कशानं कापली होती? “इळ्यानं. अन वरून शेनाची राख.” तेव्हा त्यांना सांगितलं, की तो धनुर्वात होता. विळ्याच्या आणि शेणाच्या वाटेनं नाळेतून आत गेला, दुधाचा त्यात काही दोष नव्हता. “मंग मह्या दुधानं नाही गेलं थे?” असं त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. मग त्या उठल्या, हात धुतले आणि नातू उचलून सुनेच्या छातीला स्वतःच लावला.

आज नवजात बाळाचा धनुर्वात जवळपास दिसत नाही. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि नवं कोरं ब्लेड यांनी तो गेला, २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत त्यातून मुक्त झाल्याचं मान्य केलं. पण तुमच्या गावातल्या साठी-सत्तरीच्या आज्यांनी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. चीक, नाळ, दृष्ट, पाचवीची रात्र याबद्दल त्या जे बोलतात त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादं गेलेलं लेकरू असतं. म्हणून प्रथा ऐकली की आधी विचारा, “हे केलं नाही तर काय होते म्हणता?” भीती कशाची आहे ते कळल्याशिवाय काय सांगावं हे ठरवता येत नाही.

आता ‘किती चालवून घ्यायचं’ याबद्दल. तुमच्या अभ्यासक्रमात मॅडेलिन लेनिंगर यांचा सिद्धांत असेल. परिचारिका असून मानववंशशास्त्र शिकलेल्या, न्यू गिनीतल्या गडसप लोकांमध्ये राहून आलेल्या या बाईंनी फार उपयोगाची गोष्ट सांगितली. घरातली एखादी रीत जपायची असते, एखादीशी जुळवून घ्यायचं असतं आणि एखादी बदलायचीच असते, आणि यातलं कुठलं काय ते परिचारिकेनं कुटुंबाबरोबर बसून ठरवायचं. परीक्षेपुरतं पाठ करून मी हे विसरले होते. पुढे कामातून स्वतःच तिथे पोचले तेव्हा कळलं, की आपल्याला आयतं सांगितलं होतं.

जपायच्या गोष्टी आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ आहेत. बाळंतिणीचा सव्वा महिना घ्या. तिला विहिरीवर जायचं नाही, निंदणाला जायचं नाही, कोणी येऊन तिच्या बाळाला हाताळायचं नाही. आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. म्हणजे आज्यांचा सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळजवळ एकच आहेत. हे आजींना सांगा, त्यांना फार बरं वाटतं. तेलाची हलकी मालीश राहू द्या, फक्त नाका-कानात तेल सोडायचं नाही. पाचवीची पूजा राहू द्या, आणि बोलावलं तर जा. ओवा-शेपा, डिंकाचे लाडू, अळीव, खारीक राहू द्या. पथ्याची यादी गावागणिक बदलते, त्यातल्या बंदीशी भांडत बसलात तर सव्वा महिना भांडणातच संपेल. जे ‘चालते’ म्हणतात त्यातलं शोधा आणि तेच वाढवायला सांगा. वरण चालतं? मग पातळ वरणाच्या जागी घट्ट वरण, दोन वाट्या. जवसाची चटणी चालते? रोज. कोंबडीचा रस्सा चालतो? मग रश्शासोबत कोंबडीसुद्धा.

जुळवून घेण्याच्या गोष्टींत खरं कसब लागतं. काजळ डोळ्यांत न घालता कपाळाला किंवा तळपायाला लावा म्हटलं तर आजी ऐकतात, कारण दृष्ट लागण्याची काळजी तिथेही मिटते. गळ्यातला काळा दोरा पायात बांधा, सैल. शेगडीचा शेक: बाजेखाली निखारे, दार बंद, धूर कोंडलेला आणि बाळ वरती, असं मी पुष्कळ पाहिलंय. शेक बंद करा म्हणू नका. निखारे बाहेर फुलवून धूर गेल्यावर आत आणा, आईची कंबर कापडानं शेका, बाळ त्या वेळी आजीच्या कुशीत, दार उघडं. आजींना आपल्या पदराखाली बाळ उघड्या अंगाला लावून धरायला शिकवा. कमी वजनाच्या बाळाला आईच्याच काय, आजीच्या, बापाच्याही अंगाची ऊब चालते. शेगडीचं काम आजीच्या छातीनं केलं की धूरही गेला आणि आजीचा मानही वाढला.

घुटी आणि मध बंद करणं कठीण जातं, पण ते करायलाच हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही. पण इथे बोट चाटवण्याचा मान मोठ्या माणसाचा असतो, तो काढून घेतला की माणूस दुखावतं. मी स्वच्छ वाटीत आईचंच दूध काढायला लावायची आणि हात धुऊन पहिला थेंब आजींच्या हातानं द्यायला लावायची. बहुतेक घरांत एवढ्यानं भागलं.

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आजी म्हणणारच, “लेकराचं नरडं सुकते वं माय.” त्यांची काळजी खरी आहे. आईच्या दुधात शंभरातले सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं हे सांगा, पण आकड्यावर थांबू नका. आजींच्या हाती मोजणी द्या: दिवसात लेकरानं किती लंगोट ओले केले? सहा किंवा जास्त झाले तर पाणी पुरतंय. आजी खुंटीला दोरा बांधून गाठी मारतात, कोणी भिंतीवर कोळशानं रेघा ओढतात, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हालाच सांगतात, “आठ केले, नाही लागत पानी.” आईला मात्र पाणी, ताक, आंबील भरपूर हवं. तिला ‘सारखं पानी पिऊ नको, पोट सुटते’ म्हणणारी घरं अजून आहेत.

आणि काही गोष्टी थांबवायच्याच. नाळेवर शेण, राख किंवा कसलाही लेप. जुलाब लागलेल्या लेकराला उपाशी ठेवणं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात, तोही. इथे गोड बोलून जुळवून घ्यायला जागाच नाही. मूल दूध ओढेना, अंग गार पडलं किंवा तापलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, नाळेतून पू आला, की घरच्यांशी चर्चा गाडीत बसून करायची. साप चावला तरी तेच. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला अडवून मंत्र-तंत्र करत बसणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक हवं. पण त्या घटकेला कायदा सांगून माणूस गाडीत चढत नाही. मी म्हणायची, “भगताले संग घ्या. अंगारा लावा, पन गाडीत बसून लावा.” एका पोडावरचे भगत पुढे स्वतःच निरोप धाडू लागले, “बाई, हे मह्या हातचं नाही.” त्यासाठी सहा वर्षं मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत होते. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं बघितलं, त्यांच्या बायकोचा रक्तदाब मोजला. गावात त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जड होता, तो आपल्या बाजूला असलेला बरा.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे, ते तुमच्याकडून राहिलं असावं असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. तुम्ही समजावून सांगितलंत कोणाला? सुनेला. पण आमच्याकडे बाईच्या पोटातलं बाळ एकट्या तिचं नसतं. गोळी घ्यायची का, ती सासू ठरवते. दवाखान्यात कधी न्यायचं ते नवरा आणि सासरा. पैसे कोणाकडे, तर कापूस विकला गेला असेल त्याच्याकडे. माहेरी धाडायचं का, ते दोन्हीकडचे. तांड्यावर नायक-कारभाऱ्यांना आणि पोडावर नाईकाला डावलून काही उभं करायला गेलात तर घरातली बाई दोन्हीकडून कात्रीत सापडते. प्रत्येक घराच्या नोंदीच्या मागच्या पानावर मी तीन गोष्टी पेन्सिलनं लिहून ठेवायची: या घरात कोणाचं ऐकतात, कोणाला कशाची भीती आहे, आणि घरी कोण किती वाजता सापडतं. रजिस्टरला हे रकाने नाहीत. मला सगळ्यात जास्त उपयोग यांचाच झाला.

वेळेचं विशेष सांगते. ऑक्टोबर ते जानेवारी कापूस वेचणीत सकाळी अकराला घरी गेलात तर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. संध्याकाळी दिवेलागणीला जा, नाहीतर दुपारच्या भाकरीच्या वेळेला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जा. जेवायला बसलेल्या दहा बायका एका जागी सापडतात आणि सासू तिथे नसते. जानेवारी-फेब्रुवारीत काही कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जाण्याआधीच लसीच्या तारखा आणि गोळ्या हाती द्या, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. परत आल्यावर ‘का गेला होता’ असं विचारू नका, पोट भरायला गेले होते.

लोहाच्या गोळ्या डब्यात का राहतात? मी विचारलं तेव्हा मिळालेली उत्तरं अशी: गोळीनं पोटातलं लेकरू मोठं होतं आणि मग पोट चिरावं लागतं. गोळी गरम पडते. काळं होते, म्हणजे आत काहीतरी जळतं. यातलं तिसरं आधीच सांगून टाका, की शौचाला काळं होईल आणि ते होणारच. ‘गरम’ला गरमच माना. रात्री जेवून झोपताना घ्या, सोबत लिंबू किंवा आवळा घ्या म्हटलं की ते ‘थंड’ही होतं आणि लोह अंगी लागायलाही मदत होते. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. पहिल्या भीतीला मात्र उत्तर हवं, कारण ती खोलवरची आहे. मी सांगायची, गोळीनं रक्त आईचं वाढतं, आणि बाळंतपणात जे रक्त जातं ते सोसायला ते अंगात असावं लागतं. रक्त कमी पडून गेलेली एखादी बाई प्रत्येक गावाला आठवते. तिचं नाव तुम्ही घेऊ नका, घरचेच घेतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळ्या-लिंबाचं बोलत बसू नका, त्या दिवशीच वरच्या दवाखान्यात पाठवा.

आणि ती जेवते कधी? सगळ्यांच्या मागून, भांड्यात उरेल ते. यावर सासूला भाषण देऊन काही होत नाही, कारण सासूही आयुष्यभर तशीच जेवलेली असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण असतं, तो धागा पकडा. अंगणवाडीत चार गर्भार बायकांचं एकत्र डोहाळजेवण घाला आणि सासवांना वाढायला लावा. मुनगा, तरोट्याची भाजी, अंबाडी, तुरीचं वरण, भाकर, गूळ-फुटाणे, जे त्या ऋतूत बांधावर मिळतं ते. आदिवासी गावांतल्या अंगणवाडीत गर्भार बाईला अमृत आहार योजनेत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. ते ती तिथेच बसून खाते की डबा घरी नेऊन सगळ्यांत वाटते, एवढं एकदा स्वतः जाऊन बघा.

सिकलसेलबद्दल सावकाश सांगते, कारण इथे माझ्या हातून एका मुलीचं नुकसान झालं. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या पुष्कळ घरांत आहे. तपासणीचा रिपोर्ट आला होता, मुलगी वाहक होती. म्हणजे ती आजारी नव्हती, फक्त एक जनुक तिच्याकडे होतं. मी तो रिपोर्ट ओट्यावर उभी राहून, चारचौघांत, मोठ्यानं सांगितला. तीन आठवड्यांनी तिचं ठरलेलं लग्न मोडलं. तिची आई मला काही बोलली नाही, फक्त पुढे कधी दार उघडलं नाही. तेव्हापासून मी कुठलाच रिपोर्ट आत बसल्याशिवाय उघडला नाही.

सांगायचं काय ते नीट लक्षात घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची, दोन शक्यता वाहक असण्याची आणि एक काहीच नसण्याची. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याकडे ते जनुक नसेलच तर बाळाला आजार होत नाही. घरात दोष मात्र नेहमी सुनेवर येतो, “हिच्याच खानदानात हाये”. तिथे ठामपणे सांगा: आजारी लेकराला एक वाटा आईकडून आणि एक बापाकडून आलेला असतो, दोन्हीकडून आल्याशिवाय आजार होत नाही. शेतकऱ्याला हे कळतं. लग्नाआधी दोघांची तपासणी करा हे गावाला पटवायचं तर नात्यातली मोठी माणसं, समाजाच्या बैठकी, लग्न जुळवणारे मामा-मावश्या यांच्याशी बोला. लग्न मोडायला सांगू नका. माहिती द्या, ठरवू दे त्यांना. २०२३ साली देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, त्यामुळे तपासण्या वाढल्यात. तपासण्या वाढल्या म्हणजे ओट्यावर रिपोर्ट वाचणारे हातही वाढले, याची मला काळजी वाटते. आणि ज्याला आजार आहे त्याच्या घराला भाषेचं अवडंबर नको. पाणी भरपूर, उन्हातान्हात आणि कडाक्याच्या थंडीत राबवू नका, फॉलिक अॅसिडची गोळी रोज, डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर मनानं बंद करू नका, लेकराला ताप आला तर घरी वाट बघू नका. अंग दुखतं म्हणून रडणाऱ्या मुलाला ‘कामचोर’ म्हणणारी घरं मी पाहिलीत. त्या बापाला एकदा शेजारी बसवून, रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नळीत अडकतात ते जमिनीवर काडीनं काढून दाखवा.

खर्ऱ्याचं थोडक्यात. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पाहुणचार आहे. पुढे केलेला हात झिडकारू नका, “मले चालत नाही दादा” म्हणा आणि विषय तिथेच सुरू करा. तोंड उघडून तीन बोटं उभी घालायला सांगा. जात नसतील तर तो माणूस स्वतःच घाबरतो, तेव्हा दवाखान्याची चिठ्ठी द्या. गर्भार बाईला मात्र एकटीला गाठून विचारा. सासूसमोर ती कधीच कबूल करणार नाही.

फवारणीच्या दिवसांत घरभेटीला गेलात तर औषधाचा डबा कुठे ठेवलाय ते बघा. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, आणि तोच डबा कर्जानं खचलेल्या माणसाच्याही हाताशी असतो. कुलूप लावायला सांगा, किल्ली घरातल्या बाईकडे. ‘बापाची झोप कशी आहे?’ हे मी प्रत्येक घरी विचारायची, लसीकरणाला गेले तरी. झोप उडालेली, बोलणं बंद, बैल विकायची भाषा, असं दिसलं तर आशाताईंना रोज चक्कर मारायला लावा, डॉक्टरांना कळवा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून या.

आता आपल्या बाजूचं. संस्कृती गावाचीच असते असं नाही, दवाखान्याचीही असते: रांग, ओरडा, ‘आधी का नाही आणलं’, नातेवाइकांना बाहेर काढणं, बाळंतिणीला एकटीला टेबलावर झोपवणं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेत दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, आणि तो त्यांच्या गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा बांधला, दंतेश्वरी देवीच्या नावानं. त्याच भागात गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज आशाताई ज्या घरभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती राम्सडेन यांनी याहून अवघड गोष्ट मांडली: आपली सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणाऱ्यानं ठरवायचं, आणि परिचारिकेनं आधी स्वतःकडे बघायचं. माझ्याकडे बघितल्यावर मला काय दिसलं? मी काही घरांत पाणी पीत होते आणि काही घरांत ‘आत्ताच प्यायले’ म्हणत होते. हे पोडावर सगळ्यांना माहीत होतं. मलाच माहीत नव्हतं. पाण्याची शंका असेल तर कोरा चहा मागा, तो उकळलेला असतो. पण प्या.

भाषेचंही तसंच. तुमचं सांगलीचं बोलणं इथे थोडं तोडून टाकल्यासारखं ऐकू येतं, त्यात तुमचा दोष नाही. वऱ्हाडीची नक्कल करू नका, लोकांना ते चेष्टा वाटते. पोडावर जाताना कोलामी येणारी आशाताई सोबत घ्या, आणि कोलामीतले पाच शब्द तिच्याकडून शिका: दुखतं, ताप, दूध, भीती, बरं.

ज्या आजींनी तुम्हाला ओट्यावरून परत पाठवलं त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. आत बोलावण्याची वाट बघू नका, ओट्यावरच बसा. त्या जे निवडत, सोलत, वळत असतील त्याला हात लावा. त्यांच्या लेकरांचं विचारा, गेलेल्यांचंही. वजनकाटा सोबत न्या पण पिशवीतच राहू द्या, आजी “काय आनलं वं?” म्हणतील तेव्हाच काढा. पहिल्या भेटीत नाही म्हणाल्या तर चहा पिऊन निघा आणि परत कधी येणार तो वार सांगा. त्या वारी मात्र, पाऊस असो की मीटिंग, नक्की जा.